ऋतू, स्थळ आणि चित्र : निसर्गचित्रकारांच्या हंगामी प्रदर्शनांचे व मेळाव्यांचे स्वरूप (नांदूरघाट परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

निसर्गचित्र हा महाराष्ट्रातील दृश्यकलेचा सर्वांत लोकप्रिय प्रकार आहे. शाळेतील चित्रकलेच्या वहीपासून शासकीय विश्रामगृहाच्या भिंतीपर्यंत तो सर्वत्र आढळतो. तथापि या लोकप्रियतेत एक विसंगती दडलेली आहे. मराठवाड्यातील विद्यार्थ्याला ‘निसर्गचित्र काढ’ असे सांगितले असता तो बहुधा दोन हिरवे डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, वळणे घेत येणारी भरलेली नदी आणि काठावरचे नारळाचे झाड काढतो. त्याच्या घराच्या खिडकीतून यांपैकी नारळ दिसत नाही, बाराही महिने वाहणारी नदी दिसत नाही आणि हिरवे डोंगरही वर्षातून फार तर तीन-चार महिने दिसतात. याचाच अर्थ असा की, विद्यार्थी निसर्ग पाहून चित्र काढत नसून पूर्वी पाहिलेले चित्र आठवून चित्र काढत असतो.

ही सवय मोडण्याचे एक परिणामकारक साधन म्हणजे स्थानिक निसर्गचित्रकारांनी एकत्र येऊन ऋतूनुसार केलेले प्रत्यक्ष स्थळचित्रण आणि त्यातून सिद्ध होणारी हंगामी प्रदर्शने. प्रस्तुत लेखात अशा मेळाव्यांची व प्रदर्शनांची संकल्पना, महाराष्ट्रातील त्यांची पूर्वपीठिका, त्यांच्या आयोजनातील तांत्रिक बाबी आणि बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या पर्जन्यछायेतील परिसरात त्यांना येणारे वेगळे महत्त्व यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. संकल्पना

‘हंगामी प्रदर्शन’ या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. पहिला अर्थ कालदर्शक आहे : वर्षातील ठरावीक ऋतूत भरणारे प्रदर्शन. दुसरा अर्थ आशयदर्शक आहे : त्या ऋतूतील निसर्ग हाच ज्याचा विषय आहे असे प्रदर्शन. या दोन अर्थांतील फरक महत्त्वाचा आहे.

लंडनच्या रॉयल अकादमीचे ‘समर एक्झिबिशन’ हे पहिल्या प्रकारचे प्रसिद्ध उदाहरण होय. १७६९ पासून ते दरवर्षी भरत आले आहे. २०२० साली महासाथीमुळे ते उन्हाळ्यात भरू शकले नाही, म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर भरवण्यात आले. परंतु खंड पडू दिला गेला नाही. त्यातील चित्रे मात्र उन्हाळ्याचीच असतात असे नाही. मुंबईच्या जहांगीर कलादालनात (स्थापना १९५२) तरुण कलाकारांसाठी भरवला जाणारा ‘मान्सून शो’ हाही याच वर्गातील आहे. त्याच्या नावात पावसाळा आहे, परंतु चित्रांना विषयाचे बंधन नाही.

स्थानिक निसर्गचित्रकारांच्या गटाला दुसरा अर्थ अधिक उपयुक्त ठरतो. गटाने एका ऋतूत एका परिसरात बसून चित्रे काढावीत आणि तो ऋतू प्रेक्षकांच्या स्मरणात ताजा असतानाच ती त्यांच्यासमोर मांडावीत, हे या पद्धतीचे मर्म आहे. येथे मेळावा आणि प्रदर्शन या स्वतंत्र घटना राहत नाहीत. मेळावा हे निर्मितीचे अंग आणि प्रदर्शन हे पडताळणीचे अंग होय. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर बसून चित्र काढले, तोच शेतकरी प्रदर्शनात येऊन ‘हा बांध एवढा सरळ नाही’ असे सांगू शकतो. महानगरातील कलादालनात ही शक्यता जवळजवळ नसते.

२. पूर्वपीठिका

(अ) घरातील ऋतुचित्रे

ऋतूबरोबर चित्र बदलण्याची प्रथा मराठी समाजाला नवी नाही. चैत्रात अंगणात रेखले जाणारे चैत्रांगण हे सूर्य, चंद्र, तुळस, कमळ, नाग, हत्ती अशा आकारांनी भरलेले असते. नागपंचमीला भिंतीवर किंवा पाटावर नाग रेखला जातो. चातुर्मासात गोपद्मांची रांगोळी घातली जाते. पोळ्याला बैलांच्या अंगावर रंगाचे ठसे उमटतात आणि शिंगे रंगवली जातात. ठाणे-पालघरच्या वारली समाजात लग्नसराईच्या वेळी भिंतीवर चौक लिहिला जातो. या परंपरेतील चित्रांना कागदावर व कॅनव्हासवर आणून जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांना २०११ साली ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

या सर्व प्रकारांत तीन गोष्टी समान आहेत. चित्र ठरावीक ऋतूतच काढले जाते, ते बहुधा अनेकांच्या सहभागाने सिद्ध होते आणि ऋतू सरला की ते पुसले जाते किंवा विरून जाते. त्यामुळे निसर्गचित्रकारांचा हंगामी मेळावा हा केवळ पाश्चात्त्य अनुकरणातून आलेला प्रकार मानणे योग्य होणार नाही. फरक इतकाच की लोकपरंपरेतील आकार संकेतबद्ध असतात, तर स्थळचित्रणात प्रत्यक्ष निरीक्षणाला प्राधान्य असते.

(आ) अजिंठा आणि दापुरी

कलाकारांनी ठरावीक हंगामात गटाने एका स्थळी मुक्काम करावा याचे मराठवाड्यातील ठळक ऐतिहासिक उदाहरण अजिंठ्याचे आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम केले. त्यांतील बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयाचे (स्थापना १८५७) जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांसह हे काम पुन्हा केले. त्यांच्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ च्या आगीत गेल्या; तरीही १८९६–९७ मध्ये त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढे १९०९ ते १९११ दरम्यानच्या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण चित्रकार तेथे राहिले.

हेरिंगहॅम यांच्या गटाने निवडलेला हिवाळा हा योगायोग नव्हे. वैशाखातील ऊन आणि पावसाळ्यातील दमट हवा या दोन्ही गोष्टी रानात राहून करावयाच्या कामाला प्रतिकूल होत्या. दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. मूळ चित्रांची झीज पुढेही होत राहिल्याने उरलेल्या प्रतिकृती आज अभ्यासकांसाठी पुरावा बनल्या आहेत. एखादी गोष्ट नाहीशी होण्यापूर्वी तिच्यासमोर बसून काढलेले चित्र कालांतराने दस्तऐवज ठरते, हा त्यातून मिळणारा बोध होय.

निसर्गचित्रणाच्या बाबतीत याला समांतर उदाहरण पुण्याजवळच्या दापुरीचे आहे. तेथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या सुमारास एका स्थानिक चित्रकाराकडून वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. चित्रे सुरक्षित राहिली, परंतु ती काढणाऱ्या चित्रकाराचे नाव इतिहासाला उपलब्ध नाही. स्थानिक कलाकाराची संस्था नसेल तर त्याची कला टिकूनही तो स्वतः अनामिक राहतो, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

(इ) संस्थात्मक प्रदर्शने

महाराष्ट्रात वार्षिक कलाप्रदर्शनाची पद्धत रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीकडे जाते. प्रारंभी तिच्यावर युरोपीय सदस्यांचा प्रभाव होता. १८९५ साली मूळचे कोल्हापूरचे चित्रकार म. वि. धुरंधर यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, ही घटना त्या दृष्टीने लक्षणीय मानली जाते. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांमध्ये सावंतवाडीहून आलेले जलरंगाचे श्रेष्ठ चित्रकार सा. ल. हळदणकर यांचा समावेश होता. स्वातंत्र्योत्तर काळात राज्य कला प्रदर्शन आणि १९६५ मध्ये स्थापन झालेले कला संचालनालय यांमुळे प्रदर्शनांना शासकीय आधार लाभला.

या संस्थांचे कार्य मोठे आहे. तथापि त्यांची रचना स्पर्धात्मक आहे. चित्र मागवणे, निवड समितीने ते स्वीकारणे वा नाकारणे आणि पारितोषिक देणे हा त्यांचा क्रम. चित्र कोठे, केव्हा व कोणत्या ऋतूत काढले याला त्यात दुय्यम स्थान असते. स्थळाशी व ऋतूशी बांधलेले मेळावे मात्र जिल्ह्याच्या पातळीवरील गटांतून अधिक विकसित झाले.

३. कोल्हापूरचा अनुभव

या संदर्भात कोल्हापूरचे उदाहरण विशेष अभ्यासनीय आहे. राजर्षी शाहू छत्रपतींचे दरबारी चित्रकार आबालाल रहमान यांनी (मृत्यू १९३१) मुंबईत शिक्षण घेऊनही आपले कार्यक्षेत्र कोल्हापूरच ठेवले. कोटितीर्थ, रंकाळा या नित्याच्या जागा त्यांनी निरनिराळ्या प्रहरी रंगवल्या. विषयासाठी दूर जाण्याऐवजी एकाच तळ्याकडे पुन:पुन्हा पाहणे ही त्यांची वृत्ती पुढील पिढ्यांना आदर्श ठरली. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्यासारख्या कलावंतांनी ही परंपरा चित्रपटापर्यंत नेली. चित्रपट अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) यांच्या राजारामपुरीतील निवासस्थानीच त्यांच्या चित्रांचे संग्रहालय आहे. त्यात निसर्गचित्रांना मोठे स्थान आहे.

या वातावरणातून ‘रंगबहार’ या संस्थेचा ‘मैफल रंगसुरांची’ हा उपक्रम रुजला. थंडीच्या दिवसांत टाऊन हॉलच्या उद्यानात चित्रकार, शिल्पकार एकत्र येतात. एका बाजूला गायन-वादन चालू असते आणि त्याच वेळी झाडांच्या सावलीत चित्रे व शिल्पे सिद्ध होत असतात. विश्वनाथ नागेशकर, श्यामकांत जाधव या दिवंगत कलावंतांच्या स्मृतीशी हा उपक्रम जोडलेला आहे.

या उपक्रमाच्या यशाची कारणे पाहता तीन बाबी पुढे येतात. पहिली, स्थळ सार्वजनिक आहे. प्रेक्षकाला दार ओलांडावे लागत नाही. दुसरी, चित्र पूर्ण झाल्यावर नव्हे, तर होत असताना पाहावयास मिळते. त्यामुळे कागद कोरा असल्यापासून प्रेक्षक त्याचा साक्षीदार बनतो. तिसरी, ज्येष्ठांचे स्मरण आणि तरुणांचे काम एकाच दिवशी घडते. गटाचे सातत्य त्यावर टिकते.

नाशिकमध्ये शिवाजी तुपे यांनी गोदाकाठ आपल्या जलरंगांत आणला, पुण्यात मिलिंद मुळीक यांच्या पुस्तकांनी व प्रात्यक्षिकांनी अनेकांना उघड्यावर बसून रंगवण्याची गोडी लावली. २००७ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथून सुरू झालेल्या ‘अर्बन स्केचर्स’ या चळवळीचे गट मुंबई-पुण्यातही आहेत. प्रत्यक्ष पाहून रेखाटणे व रेखाटनावर स्थळ-काळाची नोंद करणे हा त्यांचा दंडक आहे. ग्रामीण गटांनी यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ही नोंदीची शिस्त होय.

४. मेळाव्याचे तंत्र : ऋतू आणि माध्यम

उघड्यावर बसून रंगवणे ही सवय ज्या साधनामुळे सुलभ झाली, ते म्हणजे धातूची रंगनळी. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये तिचे पेटंट घेतले. तयार तैलरंग खिशात घालून रानात जाणे त्यामुळे शक्य झाले आणि १८७४ मध्ये पॅरिसमध्ये पहिले प्रदर्शन भरवणाऱ्या दृक्प्रत्ययवादी चित्रकारांच्या निसर्गचित्रणाला त्याचा मोठा हातभार लागला. आपल्याकडे मात्र किंमत, वाहतूक आणि वाळण्याचा काळ यांमुळे बाहेरच्या कामासाठी जलरंग अधिक सोयीचा ठरला.

जलरंगावर हवामानाचा थेट परिणाम होतो. दख्खनच्या पठारावर वैशाखात तापमान चाळीस अंशांच्या पुढे जाते. हवा कोरडी असते. कागदावर आकाशाचा वॉश ओढत असतानाच वरची कड वाळू लागते आणि सलग छटेऐवजी डाग उमटतात. पावसाळ्यात याच्या उलट घडते. वॉश बराच वेळ ओला राहतो, दुसरा रंग त्यात पसरतो आणि आकाराची कडा हातातून सुटते. ढगाळ आकाशासाठी ‘ओल्यात ओले’ हे तंत्र म्हणूनच पावसाळ्यात स्वाभाविकपणे साधते, तर ठळक छायाप्रकाशासाठी हिवाळा अनुकूल ठरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असल्याने सावल्या लांब पडतात आणि जमिनीचे चढउतार स्पष्ट होतात.

मेळाव्याची वेळ ठरवतानाही हाच विचार करावा लागतो. सकाळी साधारण सात ते दहा हा काळ उत्तम. त्यानंतर सूर्य वर चढतो, सावल्या आखूड होतात आणि दृश्य सपाट दिसू लागते. शिवाय सावली सतत सरकत असल्याने दोन-अडीच तासांपेक्षा अधिक काळ एकाच चित्रावर काम करणे फसवे ठरते. अनुभवी चित्रकार प्रथम दहा मिनिटांत लहानशा कागदावर छायाप्रकाशाची मांडणी टिपून घेतात आणि नंतर सूर्य कोठेही गेला तरी त्या टिपणाशी प्रामाणिक राहतात. नवोदितांना शिकवण्यासारखी ही पहिली गोष्ट आहे.

संघटनेच्या दृष्टीने मेळाव्याचे नियम थोडे व स्पष्ट असावेत : शेतमालकाची पूर्वसंमती, रंगाचे पाणी विहिरीत वा ओढ्यात न ओतणे, पिकात न शिरणे, चित्राच्या मागे स्थळ, तारीख, वेळ लिहिणे, आणि शेवटी सर्व चित्रे जमिनीवर मांडून एकत्र चर्चा करणे. एकाच झाडाची दहा चित्रे शेजारी ठेवली असता ‘पाहणे’ ही व्यक्तिनिष्ठ क्रिया आहे हे विद्यार्थ्याला कोणत्याही व्याख्यानाशिवाय उमगते.

५. प्रदर्शनाचे तंत्र

महानगरातील कलादालन ग्रामीण चित्रकाराला दोन कारणांनी दूर असते. जहांगीरसारख्या दालनात एकल प्रदर्शनासाठी दीर्घ प्रतीक्षा करावी लागते आणि तेथवर काचेच्या चौकटी नेण्याचा खर्च अनेकदा चित्राच्या अपेक्षित किमतीहून अधिक होतो. स्थानिक हंगामी प्रदर्शनाने या दोन्ही अडचणी टाळता येतात, मात्र त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतात.

जलरंगातील काही रंगद्रव्ये प्रकाशाने फिकट होतात. संग्रहालयांत कागदावरील चित्रांसाठी साधारणतः ५० लक्स एवढाच प्रकाश योग्य मानला जातो. शाळेच्या वऱ्हांड्यात थेट ऊन येत असेल तर तेथील प्रकाश याच्या शेकडो पट असतो. म्हणून उत्तराभिमुख खोली किंवा पडदे लावलेले सभागृह निवडावे. पावसाळ्यात ओल असलेल्या भिंतीला चौकट चिकटवून टांगल्यास कागदाला बुरशी येते. चौकटीमागे हवा खेळती राहील एवढे अंतर ठेवल्यास हा धोका कमी होतो. साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे कागद कालांतराने पिवळा पडतो, त्यामुळे निदान जतन करावयाच्या चित्रांना आम्लरहित माउंट वापरावा. चौकटी सर्वांच्या एकाच मापाच्या ठेवल्यास गटाला त्या पुढील ऋतूत पुन्हा वापरता येतात. आर्थिकदृष्ट्या ही बाब लहान वाटली तरी गट टिकणे वा न टिकणे बहुधा अशाच खर्चावर अवलंबून असते.

चित्राखालील पाटी हाही दुर्लक्षित भाग आहे. ‘निसर्गचित्र – १’ अशा पाटीने काहीच साधत नाही. त्याऐवजी गाव, शिवाराचे नाव, महिना, झाडाचे स्थानिक नाव अशी माहिती दिल्यास प्रेक्षकाला चित्राशी बोलण्याचे निमित्त मिळते.

६. बालाघाटचा ऋतुक्रम आणि नांदूरघाट परिसर

नांदूरघाट हे केज तालुक्यातील गाव बालाघाटाच्या पठारी प्रदेशात येते. हा पर्जन्यछायेचा भाग आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडत असताना बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास राहते आणि तीही दरवर्षी गाठली जातेच असे नाही. अशा प्रदेशात चित्रकाराने काय रंगवावे, हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु येथील रंगांचा क्रम पाहिला तर तो निराधार ठरतो.

माघ-फाल्गुनात पळस फुलतो. पानगळ झालेल्या माळावर त्याचा केशरी रंग जितका ठळक दिसतो तितका हिरव्या रानात दिसणार नाही. वैशाखात बहावा पिवळा होतो. ज्येष्ठात नांगरलेल्या काळ्या रानावर पहिला पाऊस पडला की मातीच्या रंगाच्या दोन छटा एकाच शेतात दिसतात. भाद्रपदात बांधावर तरोटा पिवळा होतो. आश्विनात गवत सोनेरी होऊ लागते आणि सीताफळे तयार होतात. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. पौषात करडईची पिवळी-केशरी फुले आणि ज्वारीची ताटे उभी असतात. पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबा, नायगावचे मयूर अभयारण्य, अंबाजोगाईची शिवलेणी, बीडचे जलवेष्टित कंकालेश्वर मंदिर ही जिल्ह्यातील स्थळे मेळाव्यांसाठी उपलब्ध आहेत. मार्गशीर्षातील वेळ अमावास्येला लातूर, धाराशिव आणि बीडच्या लगतच्या भागांत कुटुंबे शेतात जमून वनभोजन करतात. हिवाळी मेळाव्यासाठी याहून स्वाभाविक दिवस शोधून सापडणार नाही.

येथे एक बाब मात्र कोल्हापूर वा पुण्याहून मूलतः वेगळी आहे. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि हंगाम संपल्यावर फाल्गुन-चैत्राच्या सुमारास परततात. म्हणजेच प्रकाश, हवा व पिके या सर्व दृष्टींनी चित्रकाराला जो काळ सर्वोत्तम वाटतो, त्याच काळात गावातील मोठा वर्ग गावात नसतो. हिवाळ्यातील चित्रात दिसणारी निवांत वाडी प्रत्यक्षात स्थलांतराने रिकामी झालेली असते. तिला ‘शांत ग्रामीण दृश्य’ असे शीर्षक देणे हे पाहण्यात राहिलेले अपुरेपण होय.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. एक, या परिसरातील निसर्गचित्र माणसाच्या ऋतुचक्रापासून वेगळे काढता येत नाही. कुलूप लावलेली घरे आणि वाडीत मागे राहिलेली वृद्ध माणसे ही पौषातील दृश्याचाच भाग आहेत. दोन, मुख्य वार्षिक प्रदर्शन हिवाळ्यात न भरवता चैत्र-वैशाखात भरवावे. मेळावे चारही ऋतूंत व्हावेत, परंतु त्यांचे एकत्रित दर्शन परतलेल्या कुटुंबांना घडावे. आपण नसताना आपले गाव कसे दिसत होते, हे पाहण्याचा पहिला अधिकार त्यांचा आहे. आठवडी बाजाराचा दिवस त्यासाठी सोयीचा ठरेल.

७. चित्र हा परिसराचा दस्तऐवज

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी पुरवावे लागले. लातूरला पाणी देणारा मांजरा प्रकल्प केज तालुक्यातील धनेगाव येथे आहे आणि त्या वर्षी तो कोरडा पडला होता. याच जलाशयात अन्य वर्षी क्षितिजापर्यंत पाणी दिसते. एका ठरलेल्या जागेवरून दर ऋतूत एक याप्रमाणे दहा वर्षे चित्रे काढली गेली, तर चाळीस चित्रांची एक मालिका तयार होईल. पाण्याची पातळी आकडेवारीत मिळते, उपग्रहाच्या प्रतिमाही मिळतात. मात्र काठावरची कोणती झाडे गेली, उघड्या पडलेल्या गाळपेऱ्यात कोणते पीक घेतले गेले, पाणी आटल्यावर जुन्या पायवाटा कशा वर आल्या, हे माणसाच्या उंचीवरून पाहिलेले तपशील चित्रकार सहज टिपतो.

छायाचित्र हे काम अधिक अचूकपणे करणार नाही काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. अचूकतेच्या बाबतीत तो मान्य करावा लागेल आणि प्रत्येक चित्रासोबत त्याच जागेचे छायाचित्र घेणेही इष्ट आहे. परंतु छायाचित्र क्षणात घेतले जाते. चित्रासाठी दोन तास बसावे लागते. त्या दोन तासांत गुराखी येतो, झाडाचे नाव सांगतो, मागच्या दुष्काळाची आठवण काढतो. चित्राच्या मागील बाजूस ही माहिती लिहून ठेवली तर ते चित्र, वनस्पतीनोंद आणि मौखिक इतिहास या तिन्हींचे साधन बनते. दापुरीच्या संग्रहात चित्रकाराचे नाव हरवले. आपल्या संग्रहात चित्रकाराचे, वाटाड्याचे आणि शिवाराचे नाव राहील याची व्यवस्था आपल्या हाती आहे.

८. महाविद्यालयाची भूमिका

ग्रामीण भागात कलादालन नसते, परंतु महाविद्यालय असते. सभागृह, ग्रंथालय, भिंती, विद्यार्थी आणि विविध विषयांचे प्राध्यापक ही साधने तेथे एकत्र उपलब्ध असतात. विद्यापीठीय युवक महोत्सवांत स्थळचित्रणाची स्पर्धा असते. तथापि तेथे विषय परीक्षक देतात आणि स्पर्धक अडीच तासांत बहुधा कल्पनेने चित्र पूर्ण करतो. ‘स्थळ’ हा शब्द केवळ नावापुरता उरतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात एक सकाळ प्रत्यक्ष स्थळचित्रणासाठी ठेवली तर त्या शब्दाला त्याचा अर्थ परत मिळेल.

या कार्यात विविध विभागांचा सहभाग पुढीलप्रमाणे असू शकेल. वनस्पतिशास्त्र विभागाने चित्रातील झाडांची शास्त्रीय ओळख नोंदवावी. भूगोल विभागाने स्थळांचे अक्षांश-रेखांश व भूरूपे निश्चित करावीत. मराठी विभागाने शिवारांची, ओढ्यांची व वनस्पतींची स्थानिक नावे संकलित करावीत. समाजशास्त्र व अर्थशास्त्र विभागांनी स्थलांतराच्या नोंदी जोडाव्यात. ग्रंथालयाने चित्रांची सूची करून ती सपाट कप्प्यांत जतन करावीत. शाळांतील कलाशिक्षक, फलक रंगवणारे कारागीर, मूर्तिकार आणि चैत्रांगण रेखणाऱ्या महिला या सर्वांना गटाचे सदस्यत्व खुले असावे. चित्रकलेची पदविका ही सदस्यत्वाची अट असू नये.

निष्कर्ष

१) ऋतूनुसार चित्र काढण्याची परंपरा मराठी लोकजीवनात पूर्वापार आहे. निसर्गचित्रकारांचे हंगामी मेळावे हे तिचे निरीक्षणाधिष्ठित रूप मानता येते.

२) स्पर्धात्मक वार्षिक प्रदर्शनांपेक्षा, सार्वजनिक स्थळी निर्मिती व दर्शन एकत्र घडवणारे उपक्रम स्थानिक समाजाशी अधिक निकटचे नाते जोडतात, कोल्हापूरचा अनुभव याची साक्ष देतो.

३) मेळाव्याचा ऋतू व वेळ, माध्यमाची निवड आणि मांडणीची व्यवस्था ही हवामानाशी निगडित तांत्रिक बाब आहे. तिचे ज्ञान नसल्यास उत्साह असूनही उपक्रम टिकत नाही.

४) बालाघाटच्या परिसरात निसर्गाचे ऋतुचक्र आणि श्रमाचे ऋतुचक्र परस्परांत गुंतलेले आहे. प्रदर्शनाचा काळ ठरवताना स्थलांतरित कुटुंबांच्या परतण्याचा विचार प्रथम व्हावा.

५) स्थळ, तारीख व स्थानिक माहिती यांसह जतन केलेली चित्रे कालांतराने परिसराच्या बदलाचा विश्वसनीय दस्तऐवज ठरू शकतात.

समारोप

निसर्गसौंदर्य म्हणजे हिरवाई, आणि हिरवाई म्हणजे कोकण, ही समजूत मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या मनात आपला प्रदेश पाहण्यालायक नाही अशी भावना रुजवते. जो प्रदेश पाहण्यालायक वाटत नाही तो जपण्यालायकही वाटत नाही. पळसाचे झाड तोडले जाते, ओढा बुजवला जातो आणि कोणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही. वर्षातून चार सकाळी दहा-वीस माणसांनी त्याच पळसासमोर, त्याच ओढ्याकाठी कागद घेऊन बसणे हा यावरील संपूर्ण उपाय नव्हे. परंतु तो सुरुवात करण्याजोगा, अल्पखर्चाचा आणि कोणत्याही ग्रामीण महाविद्यालयाला झेपणारा उपाय आहे. अशा गटाचे पहिले प्रदर्शन लहान असेल, चित्रे सामान्य असतील. तरीही त्यांतील एखाद्या चित्रासमोर थांबून कारखान्यावरून परतलेल्या कामगाराने ‘ही आमची वाडी’ असे म्हटले, तर त्या उपक्रमाचे प्रयोजन सिद्ध झाले असे मानण्यास हरकत नाही.